सराव परीक्षेचे भाकीत आणि आपली मुले

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातील बारावीच्या मुलांच्या घरांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागतो. सराव परीक्षेत एवढे गुण पडले, तर खऱ्या परीक्षेत किती पडतील? राजारामपुरीतील क्लासेसच्या जिन्यांवर, वसतिगृहांच्या खोल्यांत, कागल-पन्हाळ्याकडे परतणाऱ्या एस.टी.त हाच विषय असतो. मी येथील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे वस्तीतील आणि गावाकडचे पालक हा प्रश्न घेऊन हक्काने माझ्याकडे येतात. "सर, दोनशेत एकशेदहा पडल्यात पोरीला. नंबर लागंल न्हवं?" या साध्या प्रश्नाचे उत्तर साधे नाही. पण ते देता येण्यासारखे आहे, आणि ते नीट समजून घेणे आपल्या समाजाच्या दृष्टीने अत्यंत निकडीचे झाले आहे.

निकडीचे अशासाठी की, या गुणांवरून केवळ कुतूहल भागवले जात नाही, निर्णय घेतले जातात. सराव परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या पेपरनंतर मुलाला कोणत्या तुकडीत बसवायचे हे ठरते. बाप उरलेल्या फीचा हप्ता भरायचा की नाही हे ठरवतो. पोरीला 'नीट'चा अर्ज भरू द्यायचा की सरळ बी.ए.ला घालून स्थळे पाहायची, हेही पुष्कळ घरांत याच कागदावरून ठरते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्या मुलाला कमी गुण पडले तर त्याला आणखी एक शिकवणी लागते. आपल्या मुलाला कमी गुण पडले तर त्याचे शिक्षणच थांबते. म्हणून हे भाकीत कितपत विश्वसनीय आहे, याची चिकित्सा आपण केली पाहिजे.

प्रथम खऱ्या परीक्षांचे स्वरूप पाहू. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एम.एच.टी.-सीईटी, घेतली जाते. २०२५ सालच्या रचनेनुसार भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न १०० गुणांना, गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना, आणि प्रत्येक भागाला ९० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे, बाकीचे बारावीचे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते, आणि निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही देशपातळीवरची परीक्षा. २०२५ साली तीत १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण होते. बरोबर उत्तराला चार गुण मिळत आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असे.

आता सराव परीक्षा काय सांगू शकते? समजा एका मुलाला अभ्यासक्रमातील शंभरपैकी साठ प्रश्न सोडवता येतील इतके येते. याला शंभर प्रश्नांची सराव परीक्षा दिली तर साठच गुण पडतील काय? नाही. कारण हजारो संभाव्य प्रश्नांतून कोणते शंभर प्रश्न पेपरात आले यावर बरेच अवलंबून असते. एखाद्या पेपरात त्याला येणारे प्रश्न जास्त येतील, एखाद्यात कमी. संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने हिशेब केला, तर या चढउताराचे प्रमाण विचलन जवळपास पाच गुण येते. याचा अर्थ असा की, अशा वीस पेपरांपैकी सुमारे एकोणीस पेपरांत त्याचे गुण ५० ते ७० यांच्या दरम्यान कोठेही पडतील. मूल तेच आहे आणि त्याचा अभ्यासही तेवढाच आहे, तरी कधी ५३ पडतील, कधी ६७. यात झोप, ताप, घरातील भांडण, एस.टी. चुकणे यांपैकी काहीही धरलेले नाही. हा केवळ प्रश्नांच्या निवडीचा खेळ आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, एका सराव परीक्षेवरून कोणताही निर्णय घेणे अशास्त्रीय आहे. मागच्या पेपरात ५८ आणि या पेपरात ६४ पडले म्हणून प्रगती झाली असे म्हणता येत नाही, आणि उलट झाले तर अधोगती झाली असेही म्हणता येत नाही. दुसरी, वेगवेगळ्या पाच सराव परीक्षांची सरासरी काढली तर हाच चढउतार पाच गुणांवरून सुमारे सव्वादोन गुणांवर येतो. म्हणजे अनेक परीक्षांची सरासरी बोलू लागते, एकटी परीक्षा बडबडते. तरीसुद्धा आपल्याकडे सर्वांत जास्त गुणांचा पेपर पाहुण्यांना सांगितला जातो आणि सर्वांत कमी गुणांचा पेपर मुलाच्या तोंडावर फेकला जातो. दोन्ही पेपर सारखेच अपुरे साक्षीदार आहेत.

याच नियमाचे आणखी एक अंग आहे. एखाद्या सराव परीक्षेत जो पहिला आला, त्याच्या त्या गुणांत बहुधा ज्ञानाबरोबर थोडे नशीबही असते. पुढच्या परीक्षेत नशीब तेवढेच साथ देईल असे नाही. म्हणून पहिला आलेला पुढच्या वेळी थोडा खाली येतो आणि अगदी तळाला गेलेला थोडा वर चढतो. शिक्षक म्हणतात, "वरचा गाफील राहिला आणि खालच्याला झापले म्हणून सुधारला." प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही घडलेले नसते. गुण सरासरीकडे सरकलेले असतात, एवढेच. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना ही गोष्ट दाखवून दिली. फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी बुटकी आणि फार बुटक्या आईबापांची मुले थोडी उंच निघतात, असे त्याला आढळले.

गाल्टनचे नाव घेतले म्हणून येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. संख्याशास्त्राला हा मौलिक विचार देणाऱ्या याच माणसाने १८८३ मध्ये 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द रूढ केला, आणि माणसांची प्रतवारी जन्मावरून करण्याच्या विचाराला शास्त्राचा शेंदूर फासला. अमेरिकेत १९२६ साली महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सॅट' ही परीक्षा सुरू झाली. ती तयार करणाऱ्या कार्ल ब्रिगम याने त्याआधी तीन वर्षे, १९२३ मध्ये, चाचणीच्या गुणांवरून उत्तर युरोपीय वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्याने स्वतःच आपले ते निष्कर्ष मागे घेतले. गुणांवरून वंशाची बुद्धी ठरवता येत नाही हे त्यालाही मान्य करावे लागले. आपल्याकडे जातीच्या समर्थनासाठी हाच रक्तशुद्धीचा आणि सुप्रजननाचा युक्तिवाद पुढे केला गेला होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात तो तपासून फेटाळला. हा इतिहास आठवण्याचे कारण एवढेच की, परीक्षेचा आकडा हा मोजणाऱ्याच्या हातात एक हत्यार असतो. आकडा खरा असू शकतो आणि त्यावरून काढलेला अर्थ खोटा असू शकतो.

मूळ प्रश्नाकडे वळू. समजा पाच सराव परीक्षांची सरासरी काढली आणि मुलाला दोनशेत एकशेदहा पडतात हे निश्चित झाले. तरी नंबर लागेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या सत्रात बसलेल्या शंभर उमेदवारांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवून राहिले, याचा तो आकडा आहे. तुमचे गुण तेवढेच राहिले आणि इतरांचे वाढले तर तुमचे पर्सेंटाइल घसरते. पेपर अवघड निघाला आणि सर्वांचेच गुण उतरले तर थोड्या गुणांतही पर्सेंटाइल चढते. क्लासमधील चाळीस मुलांत तिसरा येणे म्हणजे राज्यातील लाखो मुलांत कोठे बसणे, हे त्या चाळीस मुलांकडे पाहून सांगता येत नाही. कारण ती चाळीस मुले राज्याचा नमुना नसतात. ती फी भरू शकणाऱ्यांतून निवडलेली असतात.

याचे सर्वांच्या माहितीतले उदाहरण म्हणजे 'नीट'च्या लागोपाठच्या दोन वर्षांचे निकाल. २०२४ साली गुणांचा पूर आला. पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाढीव गुणांचा वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सुधारित निकालात हा आकडा १७ वर आला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी पात्रतेची रेषा ४० पर्सेंटाइलची आहे. निकालाच्या वेळी ही रेषा २०२४ मध्ये १२७ गुणांवर होती, २०२५ मध्ये ती ११३ वर आली. म्हणजे १२० गुणांचा विद्यार्थी एका वर्षी अपात्र आणि दुसऱ्या वर्षी पात्र. आता विचार करा, २०२४ च्या रेषेकडे पाहून, १२० च्या आसपास सराव करणाऱ्या एखाद्या मुलीला "तुझे काही होत नाही" असे सांगून २०२५ च्या परीक्षेपासून परावृत्त केले असेल, तर त्या भाकिताची जबाबदारी कोण घेणार? पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हे खरे. परंतु जी परीक्षेलाच बसली नाही तिच्यासाठी पुढचे सगळेच दरवाजे बंद होतात.

सरावाचे गुण हेच खरा निकाल मानले तर काय होते, याचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. कोरोनामुळे २०२१ साली बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली. दहावीच्या गुणांना ३० टक्के, अकरावीच्या गुणांना ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ४० टक्के भार देऊन निकाल लावला गेला. निकाल लागला ९९.६३ टक्के. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, तो ९०.६६ टक्के होता आणि परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर २०२२ मध्ये ९४.२२ टक्के. मुले एका वर्षात एकदम हुशार झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागे पडली, असे कोणी म्हणणार नाही. मोजपट्टी बदलली होती. अंतर्गत गुण आणि परीक्षेचे गुण या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, हे या तीन आकड्यांवरून दिसते.

इंग्लंडमध्ये तर शिक्षकांचे भाकीत हा प्रवेशपद्धतीचाच भाग आहे. तेथे मुले विद्यापीठाकडे अर्ज करतात ती अंतिम निकालाच्या आधी, शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणींवर. गिल वाईनेस या संशोधिकेने २०१६ मध्ये या भाकितांची तपासणी केली. तीन विषयांचे भाकीत तंतोतंत खरे ठरलेले विद्यार्थी केवळ सुमारे १६ टक्के निघाले. सुमारे ७५ टक्के विद्यार्थ्यांबाबत भाकीत प्रत्यक्षाहून जास्त होते. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या मुलांना प्रत्यक्षात उत्तम श्रेणी मिळाल्या, त्यांच्यातील गरीब घरच्या मुलांचे भाकीत श्रीमंत घरच्या तेवढ्याच हुशार मुलांपेक्षा खालचे केले गेले होते. २०२० मध्ये तेथेही परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के श्रेणी सरकारी यंत्रणेच्या गणिती सूत्राने खाली आणल्या. त्या सूत्रात शाळेच्या पूर्वीच्या निकालांना वजन होते, म्हणून ज्या शाळेची परंपरा मोठी नव्हती तेथील हुशार मूल तिच्याबरोबर खाली ओढले गेले. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. जातीचे नाव तेथे नव्हते. पण जन्माच्या जागेवरून माणसाचे भवितव्य मोजण्याची पद्धत आपल्या ओळखीचीच आहे.

आता आपल्या मुलांचा सराव आणि आपल्या मुलांची खरी परीक्षा यांत फरक का पडतो ते पाहू. सराव परीक्षेचे भाकीत खरे ठरायचे असेल तर दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी असावी लागते. ती तशी असते काय? शहरातील मुलगा वर्षभर संगणकासमोर बसून सराव करतो. घड्याळ पडद्यावर उलटे धावताना पाहण्याची त्याला सवय झालेली असते. राधानगरी-गगनबावड्याकडची पुष्कळ मुले सराव छापील पुस्तकावर नाहीतर वडिलांच्या मोबाईलवर करतात, आणि संगणकावरचा पूर्ण पेपर आयुष्यात पहिल्यांदा सोडवतात तो खऱ्या परीक्षेच्या दिवशी. प्रश्न पडद्यावर, आकडेमोड कागदावर, उत्तर माऊसने. या जा-ये करण्यात जी मिनिटे जातात ती त्यांच्या ज्ञानातून वजा होतात.

दुसरा प्रश्न भाषेचा. सीईटीमध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, परंतु गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाने 'लंब', 'स्पर्शिका', 'संभाव्यता' या शब्दांनी गणित शिकलेले असते. अकरावीत हे शब्द त्याच्याकडून काढून घेतले जातात. शिक्षक सराव परीक्षेत अवघड शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देतात, मुलांविषयीच्या कळवळ्यानेच देतात. खऱ्या परीक्षेत ते सांगायला कोणी नसते. तेव्हा जे गुण घटतात ते गणिताचे नसतात, भाषेचे असतात. पण निकालपत्रात तसे लिहिलेले नसते.

तिसरी गोष्ट भीतीची आणि तिच्यामुळे कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांची. सीईटीत चुकीला शिक्षा नाही. मग एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने चारांत एक बरोबर येते. गणिताचे पंधरा प्रश्न कोरे सोडणारा मुलगा सरासरीने साडेसात गुण टाकून घरी येतो. 'नीट'मध्ये वजाबाकी आहे, म्हणून आपली मुले तेथे अधिकच बिचकतात. पण तेथेही हिशेब करून पाहावा. चारही पर्याय सारखेच वाटले तर अंदाजाचा सरासरी फायदा जवळपास शून्य, म्हणजे पाव गुण. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तो दोन-तृतीयांश गुण, आणि दोन बाद करता आले तर दीड गुण. हे गणित शहरी क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. ज्या मुलाला जन्मभर 'येत नसेल तर गप बस' असे ऐकवले गेले, तो मात्र अर्धवट माहीत असलेल्या उत्तरावर खूण करण्याचे धाडस करीत नाही. हा संकोच त्याच्या बुद्धीतून आलेला नाही. तो व्यवस्थेने त्याच्यात पेरलेला आहे.

माझ्या बारावीच्या वर्षी पूर्वपरीक्षेचा निकाल फळ्यावर लावला गेला होता. नाव, नावापुढे गुण आणि गुणांपुढे प्रवर्ग. गुणांच्या यादीत प्रवर्गाचे काय काम होते, हे मला आजही समजलेले नाही. पण त्या तिसऱ्या रकान्याचा परिणाम काय होतो, हे शास्त्रीय प्रयोगाने दाखवले गेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायला दिली आणि सोडवलेल्या प्रत्येक भुलभुलैयामागे पैसे देऊ केले. मुलांची जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र सर्वांदेखत नावाबरोबर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. कोडी तशीच होती आणि मुलेही त्याच वस्त्यांतली होती. बदलली ती भोवतालची हवा.

या प्रयोगाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. वस्तीतील अभ्यासिकेत, आपल्या माणसांत बसून चांगले गुण मिळवणारा मुलगा खऱ्या परीक्षेत घसरला, की लोक म्हणतात, "खरी लायकी परीक्षेत कळली." आणि सरावात चाचपडणारा मुलगा परीक्षेत चमकला की म्हणतात, "नशीब काढलंन." दोन्ही वेळा त्याच्या क्षमतेला श्रेय द्यायचे टाळले जाते. वस्तुतः दोन आकड्यांतील अंतर हे दोन परिस्थितींतील अंतर असू शकते. ते अंतर तपासावे लागते. त्यावरून माणसाची लायकी ठरवणे हा जुनाच खेळ आहे.

मग सराव परीक्षा देऊच नयेत काय? उलट आहे. सराव परीक्षेचा खरा उपयोग भाकितासाठी नाही, शिकण्यासाठी आहे, आणि तो फार मोठा आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि विशेष हे की, आपल्याला पुढे चांगले आठवेल असा सर्वाधिक विश्वास नुसते वाचणाऱ्यांनाच होता. म्हणजे स्वतःविषयीचे भाकीतही फसवे असते. कंदिलाखाली नाहीतर रस्त्याच्या दिव्याखाली रात्रभर पुस्तक वाचण्याच्या कथा आपण आदराने सांगतो. त्या जिद्दीला वंदन करूनही मुलांना सांगितले पाहिजे की, पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारल्याशिवाय वाचलेले टिकत नाही. यासाठी क्लासची फी लागत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना आणि मुलांना मी काही गोष्टी सांगतो. निदान पाच सराव परीक्षा खऱ्या परीक्षेच्या वेळी, तेवढ्याच मिनिटांत, शक्यतो संगणकावर द्याव्यात, आणि त्यांची सरासरी पाहावी. पेपर पूर्वी पाहिलेला नसावा. त्याच पेपरात दुसऱ्यांदा पडलेल्या गुणांना काही अर्थ नाही. प्रत्येक पेपरनंतर चुकांचे तीन ढीग करावेत. जे येतच नव्हते, जे येत होते पण घाईत वा भाषेमुळे चुकले, आणि जे भीतीने सोडून दिले. पहिल्या ढिगासाठी अभ्यास लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगासाठी सवय लागते, आणि ती दोन महिन्यांत लागू शकते. आपल्या पुष्कळ मुलांचे दुसरे आणि तिसरे ढीग मोठे असतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणजे त्यांच्या सरावाच्या गुणांत वाढीला जागा जास्त असते. कोणी भाकीत विचारलेच तर एक आकडा सांगू नये. "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असे सांगावे. आणि अर्ज भरायचा की नाही हा निर्णय सराव परीक्षेवर कधीही सोडू नये.

क्लासेसच्या फलकांविषयीही दोन शब्द. निकालानंतर शहरातील चौक गुणवंतांच्या छायाचित्रांनी भरून जातात. त्या फलकावर वरची संख्या असते, खालची नसते. किती मुले बसली, किती वर्षाच्या मध्येच गळाली, सराव परीक्षेतील गुणांमुळे कितींना मागच्या तुकडीत टाकले, हे तेथे कोणी लिहीत नाही. छेदाशिवाय अंशाला अर्थ नसतो, हे आपण पाचवीत शिकतो. आपल्या पालकांनी फी भरण्यापूर्वी हा छेद विचारला पाहिजे.

शेवटी, हा प्रश्न एकेका मुलाच्या हुशारीचा नाही. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हाही 'लायकी'चा प्रश्न विचारला गेला. महाराज केवळ जागा राखून थांबले नाहीत. त्याआधी १९०१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम झाला. मुलाची क्षमता पाहायची असेल तर आधी त्याला बसायला जागा, पोटाला भाकर आणि बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आज त्याच विचाराचा विस्तार करायचा तर सामाजिक न्याय विभागाच्या प्रत्येक वसतिगृहात सराव परीक्षेसाठी चालू स्थितीतले संगणक हवेत. गणिताचे प्रश्न मराठीतूनही मिळाले पाहिजेत. शाळा-महाविद्यालयांनी सराव परीक्षेचा निकाल प्रत्येकाच्या हातात वेगळा द्यावा, आणि त्यावर प्रवर्ग लिहू नये. बार्टीसारख्या संस्थांच्या प्रशिक्षणात चाचणी घेण्याइतकाच वेळ चुकांच्या चर्चेला दिला जावा. आपल्या शिकलेल्या तरुणांनी सुट्टीचे दोन रविवार काढले तर हे काम वस्तीतील समाजमंदिरातही होऊ शकते.

एकशेदहा गुणांची ती मुलगी खऱ्या परीक्षेत किती मिळवील, हे मी तिच्या आईला सांगितले नाही, कारण ते कोणालाच सांगता येत नाही. एवढे मात्र सांगितले की, हे गुण तिला आज काय येते आणि काय येत नाही याचा हिशेब आहेत. अर्ज भरा, चुकांची वही घाला आणि पुढच्या रविवारी तिला घेऊन या.